घोड्याची चंदी, माणसाची न्याहारी

किराणा दुकानात पोहे, रवा आणि साबुदाण्याच्या शेजारी आता ओटची पाकिटे दिसतात. त्यातल्या एका पाकिटावर रुंद काठाची टोपी घातलेला, पांढऱ्या केसांचा, हसऱ्या चेहऱ्याचा एक वृद्ध गृहस्थ असतो. हा गृहस्थ कोण, असे पुष्कळांनी मला विचारले आहे. हे ओट त्याच्या शेतातले असावेत किंवा कंपनी त्याने काढली असावी, असा सर्वसाधारण समज. प्रत्यक्षात हा माणूस कधी झालाच नाही. ते एक व्यापारचिन्ह आहे. पण त्या चित्राच्या मागे धान्याची जी कथा आहे ती मात्र खरी आहे, आणि ती दोन हजार वर्षांची आहे. फळे आणि सुका मेवा घालून ओव्हनमध्ये भाजलेली ओटची न्याहारी आज आपल्या शहरांतही केली जाते. तिच्या निमित्ताने ही कथा सांगतो.

ओट हे मुळात मानाचे धान्य नव्हते. गहू आणि सातू यांच्या शेतात ते तण म्हणून उगवायचे. शेती पश्चिम आशियातून उत्तर युरोपकडे सरकली तशी हवा थंड होत गेली, पाऊस वाढला, ऊन कमी झाले. अशा ठिकाणी गहू रुसतो. पण हे तण तिथे तग धरून राहिले आणि शेवटी शेतकऱ्याने त्यालाच पीक म्हणून पत्करले. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी याने तर सातू बिघडला की त्याचा ओट होतो, असे मत दिले आहे. जर्मन टोळ्या हे धान्य पेरतात आणि त्याचीच लापशी खाऊन राहतात, असेही तो नोंदवतो. रोमन माणसाच्या लेखी ते रानटी लोकांचे खाणे होते.

या धान्याला खरा आसरा मिळाला तो स्कॉटलंडमध्ये. डोंगराळ मुलूख, आंबट जमीन, सततचा पाऊस. तिथे ओटच पिकायचे. चौदाव्या शतकातला फ्रेंच बखरकार फ्रॉयसार्त याने १३२७ च्या स्वारीतल्या स्कॉटिश घोडेस्वारांचे वर्णन केले आहे. प्रत्येकाच्या खोगिराखाली एक लोखंडी पत्रा आणि पाठीशी ओटच्या पिठाची पिशवी असे. मुक्कामाला विस्तव करायचा, पत्रा तापवायचा, पीठ कालवायचे आणि पातळ भाकरी भाजून खायची. सैन्याबरोबर भटारखाना नको, गाडे नकोत. घोड्यावर बसल्या बसल्या कणसे चोळून खाणाऱ्या बाजीरावाची गोष्ट ऐकत वाढलेल्या आपल्या लोकांना या स्वारांची ओळख वेगळी करून द्यायला नको.

घरोघरी मात्र लापशी. उकळत्या पाण्यात भरड पीठ एका हाताने भुरभुरायचे आणि दुसऱ्या हाताने लाकडी दांडक्याने ढवळत राहायचे. या दांडक्याला ते 'स्पर्टल' म्हणतात. वर मीठ, जमल्यास दूध. स्कॉटलंडच्या विद्यापीठांत सत्राच्या मध्ये एका सोमवारी सुट्टी असे. तिला नावच 'मील मंडे', म्हणजे पिठाचा सोमवार. गरीब विद्यार्थ्याने गावी जाऊन पिठाचे पोते भरून आणावे, एवढ्यासाठी ती सुट्टी होती. आपल्याकडे वारावर जेवून किंवा घरून आलेल्या भाकरीच्या गाठोड्यावर शिकलेली पिढी होती. तिकडे ती पिठाच्या पोत्यावर शिकली.

१७५५ साली डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांचा इंग्रजी शब्दकोश प्रसिद्ध झाला. त्यात ओटची व्याख्या देताना त्यांनी स्कॉटिश लोकांना चिमटा काढला. इंग्लंडमध्ये हे धान्य घोड्यांना घालतात आणि स्कॉटलंडमध्ये त्यावर माणसे जगतात, असा तिचा आशय. गंमत अशी की हा कोश लिहून काढण्यासाठी जॉन्सननी जे सहा मदतनीस ठेवले होते, त्यांतले पाच स्कॉटिश होते. या चिमट्याला स्कॉटलंडच्या एका सरदाराने दिलेले म्हणून जे उत्तर सांगतात, तेही तितकेच झोंबरे आहे. म्हणूनच इंग्लंडचे घोडे नावाजलेले आणि स्कॉटलंडची माणसे.

हा विनोद वाचताना मला आपले कुळीथ आठवतात. घाटावर ज्याला आपण हुलगे म्हणतो, त्या धान्याचे नाव इंग्रजांनी 'हॉर्स ग्रॅम' ठेवले. घोड्याच्या चंदीत ते पाहिले, म्हणून घोड्याचे कडधान्य. कोकणातल्या लाखो घरांत रात्रीच्या भाताबरोबर कुळथाचे पिठले होते, हे नाव ठेवणाऱ्याच्या गावी नसावे. धान्याला नाव आणि प्रतिष्ठा देणारा एक असतो आणि ते खाऊन जगणारा दुसरा असतो. ओटच्या इतिहासात ही गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते.

१८४६ पासून स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात बटाट्याचे पीक रोगाने गेले आणि दुष्काळ पडला. तेव्हा मदत म्हणून पीठ वाटले गेले, पण फुकट नव्हे. धडधाकट माणसाने दिवसभर रस्त्याच्या कामावर राबावे, मग त्याला मोजून पीठ मिळे. त्या वेळी बांधलेल्या रस्त्यांना तिकडे अजूनही 'डेस्टिट्यूशन रोड' म्हणतात. त्या नावाचा सरळ अर्थ दैन्याचा रस्ता. आज पर्यटक त्याच रस्त्यांवरून तळी आणि डोंगर पाहत मोटारीने जातात.

आता अमेरिकेत जाऊ. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथेही ओट म्हणजे घोड्याचा खुराक. माणसाला हवे असतील तर ते औषधाच्या दुकानात औंसावर मिळत, आजाऱ्याला पेज म्हणून. ओहायो राज्यातल्या अॅक्रन गावी फर्डिनंड शूमाकर नावाचा जर्मन किराणा दुकानदार होता. १८२२ साली हॅनोव्हर प्रांतात जन्मलेल्या या माणसाला सकाळी ओटची लापशी खायची घरची सवय. १८५०च्या दशकात त्याने स्वतःच ओट भरडून विकायला सुरुवात केली. गिऱ्हाईक सुरुवातीला जर्मन, स्कॉटिश आणि आयरिश स्थलांतरितांचे. माणसे घोड्यांच्या तोंडचा घास काढतात, अशी वर्तमानपत्रांतून टिंगल होई. मग १८६१ साली यादवी युद्ध सुरू झाले. उत्तरेच्या सैन्याला स्वस्त, टिकाऊ धान्य हवे होते. शूमाकरच्या गिरण्या रात्रंदिवस चालू लागल्या आणि युद्धावरून परतलेले सैनिक ही सवय घरी घेऊन गेले.

यानंतरची पायरी तंत्राची आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे. ओटच्या दाण्यावर चिवट टरफल असते आणि दाण्याच्या वजनाचा सुमारे पाव भाग ते टरफलच असते. ते काढले की आतला दाणा मऊ आणि तेलकट निघतो. गव्हात स्निग्धांश दोन टक्क्यांच्या आसपास, ओटमध्ये सहा-सात टक्के. शिवाय हा स्निग्धांश फोडणारे विकर दाण्यातच असते. त्यामुळे सडलेला ओट तसाच ठेवला तर काही दिवसांत खवट आणि कडू होतो. उपाय एकच, वाफ आणि उष्णता देऊन ते विकर मारायचे. वाफवलेला दाणा नरम असतानाच दोन लोखंडी रुळांमधून काढला की त्याची चकती होते. आपण पोहे करतो त्याच जातीची ही युक्ती. १८७०च्या दशकात अमेरिकेत या चपट्या ओटांचे गिरणीत उत्पादन सुरू झाले. भरडलेला दाणा शिजायला पाऊण तास लागे, तो आता दहा-पंधरा मिनिटांवर आला. पुढे १९२०च्या दशकात आणखी पातळ चकत्या आल्या, त्या दोन-तीन मिनिटांत शिजू लागल्या.

आता तो टोपीवाला म्हातारा. ओहायोतल्या रेव्हेना गावच्या क्वेकर मिल कंपनीने १८७७ साली हे चिन्ह नोंदवले. क्वेकर हा साधे राहणारा, खरे बोलणारा म्हणून नाव असलेला ख्रिस्ती पंथ. मालकांचा त्या पंथाशी संबंध नव्हता, त्यांना हवी होती फक्त त्या नावाची सचोटी. १८८१ साली ही बुडीत गिरणी हेन्री क्रॉवेल याने विकत घेतली. तोवर ओट दुकानात उघड्या पिंपातून विकले जात. पिंपात उंदीर, किडे, दुकानदाराचा हात, सगळेच पडे. क्रॉवेलने दोन पौंडांचे पुठ्ठ्याचे बंद खोके काढले, त्यावर चित्र छापले आणि शिजवायची कृती छापली. १८९१ साली त्याने एक आख्खी आगगाडी ओटने भरून आयोवातल्या सीडर रॅपिड्सहून ओरेगॉनमधल्या पोर्टलंडला पाठवली आणि त्या शहरात घरोघरी नमुन्याची छोटी खोकी वाटली. शूमाकरला जाहिरातीचा तिटकारा होता. त्याची सर्वात मोठी गिरणी १८८६ साली जळाली, तिचा विमाही नव्हता. अखेर दोघांचे धंदे एकत्र आले आणि १९०१ साली क्वेकर ओट्स कंपनी उभी राहिली. आज आपण धान्य न पाहता, न चाखता केवळ छापील खोक्यावर भरवसा ठेवून विकत घेतो. ती सवय जगाला लावणाऱ्या पहिल्या काही मालांत ओट होते.

फळे आणि सुका मेवा या धान्यात आले ते दुसऱ्या वाटेने, आरोग्यधामांतून. १८६३ साली न्यूयॉर्क राज्यातल्या डान्सव्हिल येथे डॉ. जेम्स कॅलेब जॅक्सन यांनी कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पिठाच्या पोळ्या भाजून, त्या फोडून, पुन्हा भाजून 'ग्रॅन्युला' नावाचा पदार्थ केला. तो इतका कडक असे की रात्रभर भिजवल्याशिवाय चावता येत नसे. मिशिगनमधल्या बॅटल क्रीक आरोग्यधामाचे डॉ. जॉन हार्वी केलॉग यांनी गहू, मका आणि ओट मिसळून तसलाच पदार्थ काढला आणि नावही तेच दिले. जॅक्सन यांनी हरकत घेतल्यावर ते 'ग्रॅनोला' झाले. हे आरोग्यधाम सेव्हन्थ डे अॅडव्हेंटिस्ट या शाकाहाराचा पुरस्कार करणाऱ्या पंथाने सुरू केलेले. त्याच पंथाचे स्पायसर कॉलेज १९४२ साली पुण्यात आले. औंध भागातल्या जुन्या मंडळींना त्या कॉलेजच्या बेकरीतला ब्राउन ब्रेड आठवत असेल. त्या पावाचे नाते बॅटल क्रीकच्या स्वयंपाकघराशी आहे.

तिकडे स्वित्झर्लंडमध्ये डॉ. मॅक्सिमिलियन बिर्खर-बेनर यांनी १९०४ साली झुरिकजवळच्या टेकडीवर आपले आरोग्यधाम उघडले. आल्प्समधल्या धनगरांच्या साध्या खाण्यावरून त्यांनी एक पदार्थ बसवला, तोच पुढे 'म्यूस्ली' म्हणून जगभर गेला. त्यांची मूळ कृती आज वाचली तर आश्चर्य वाटेल. माणशी फक्त एक चमचा ओट, तीन चमचे पाण्यात बारा तास भिजवलेले. त्यात लिंबाचा रस, एक चमचा आटीव दूध, एक चमचा कुटलेले बदाम किंवा हेझलनट आणि सालीबियांसकट किसलेले २०० ग्रॅम सफरचंद. म्हणजे ती मुळात फळांची डिश होती आणि ओट तोंडी लावण्यापुरते होते. आज खोक्यातून मिळणाऱ्या म्यूस्लीत हे प्रमाण उलटे झाले आहे, आणि साखर निराळीच.

भाजलेली ओटची न्याहारी मात्र आरोग्यधामातली नव्हे, शेतकऱ्याच्या घरातली आहे. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात लँकेस्टर नावाचा परगणा आहे. अठराव्या शतकात स्वित्झर्लंड आणि दक्षिण जर्मनीतून धर्मछळाला कंटाळून निघालेले मेनोनाइट आणि आमिश लोक इथे येऊन राहिले. त्यांना थारा देणारी ही वसाहत स्थापन केली होती विल्यम पेन याने, आणि तो मात्र खराखुरा क्वेकर होता. आमिश लोक आजही मोटारी बाळगत नाहीत. घोड्याची बग्गी आणि जनावरांनी ओढायची औजारे हीच त्यांची साधने. त्यामुळे त्यांच्या कोठारात ओट आधी घोड्यांसाठी असणार आणि मग माणसांसाठी. घरात आठ-दहा माणसे, पहाटे धारा काढायच्या. अशा घरात लापशीपाशी ढवळत कोण उभे राहणार? ओट, दूध, अंडी, लोणी आणि साखर एका पसरट भांड्यात कालवून भट्टीत सरकवले की गोठ्यातले काम होईतो न्याहारी तयार. तिथल्या घरगुती पाकपुस्तकांतून आणि पुढे पर्यटकांसाठी निघालेल्या छोट्या अतिथीगृहांच्या टेबलांवरून हा प्रकार अमेरिकाभर पसरला.

मी तो असा करतो. दोन कप चपटे ओट घेतो, झटपट शिजणारे नव्हे, कारण त्यांचा लगदा होतो. त्यात एक चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा दालचिनीची पूड, चिमूटभर मीठ आणि अक्रोड-बदामाच्या अर्धा कप तुकड्यांपैकी निम्मे. दुसऱ्या भांड्यात पावणेदोन कप दूध, एक अंडे, पाव कप साखर किंवा मध आणि दोन चमचे वितळलेले लोणी फेटून घेतो. अंडे चालत नसेल तर एक पिकलेले केळे कुस्करून घालावे. भांड्याला लोणी लावून तळाशी सफरचंदाच्या किंवा केळ्याच्या फोडी पसरायच्या, त्यावर कोरडे मिश्रण, त्यावर दूध आणि वर उरलेला मेवा. ओव्हन १९० अंशांवर, पस्तीस ते चाळीस मिनिटे. ज्यांच्याकडे पूर्वीचा तो गोल ओव्हन आहे, खालच्या भांड्यात वाळू आणि झाकणाला काच असलेला, त्यांचेही काम छान होते. मंद आचेवर थोडा वेळ जास्त लागतो इतकेच.

बाहेर काढल्यावर लगेच कापू नये. ओटमध्ये बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो. तो पाणी धरून बुळबुळीत, दाट होतो. लापशीला चिकटपणा येतो तो यामुळेच. गरम असताना तो सैल असतो, दहा मिनिटांनी आवळतो आणि मग वडी नीट सुटते. वरचा थर खरपूस, आतला मऊ, मध्येच फळांचा ओलावा.

याच तंतूने ओटला तिसरा जन्म दिला. तो रक्तातले कोलेस्टेरॉल थोडे खाली आणतो असे दिसल्यावर १९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ओटच्या कोंड्याचे वेडच पसरले. बटाट्याच्या वेफरमध्येसुद्धा तो घातला जाऊ लागला. १९९० साली एका अभ्यासाने त्यावर शंका घेतली आणि ते वेड ओसरले. पुढे जास्त पुरावा गोळा झाल्यावर १९९७ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मोजून मापून परवानगी दिली. रोज बीटा-ग्लुकन तीन ग्रॅम पोटात गेले आणि बाकीचा आहारही कमी संपृक्त स्निग्धांशाचा आणि कमी कोलेस्टेरॉलचा असला, तर हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो, असे पाकिटावर छापता येईल. तीन ग्रॅम म्हणजे साधारण साठ-सत्तर ग्रॅम ओट, रोज. आठवड्यातून एकदा हौसेने खाल्लेल्या वडीचा यात हिशेब नाही, हे लक्षात ठेवलेले बरे.

भारतात २००६ साली क्वेकरचे ओट आले, मग देशी कंपन्याही उतरल्या, मसाला घातलेले ओट आले. गंमत अशी की महाराष्ट्राला ओट नवे नव्हतेच. पश्चिम महाराष्ट्रातले दूधवाले शेतकरी रब्बीत 'केंट' किंवा राहुरी कृषी विद्यापीठाची 'फुले हरिता' ही ओटची वाणे लावतात, पण गाईम्हशींच्या हिरव्या चाऱ्यासाठी. ओट बांधावर चारा आणि शहरात पथ्य.

दोन वर्षांपूर्वी माझ्या रक्ततपासणीनंतर डॉक्टरांनी मला ओट खायला सांगितले, तेव्हापासून आमच्या घरी ते आहेत. माझी आई माण तालुक्यातली. १९७२च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची आणि कामावर मिळालेली सुकडी पदरात बांधून आणायची. त्याच काळात रेशनवर अमेरिकेतून आलेली मिलो ज्वारी मिळे. तिकडे ती जनावरांना घालतात, हे गावात सगळ्यांना माहीत होते. मी दहा वर्षांचा होतो. ती तांबडी भाकरी मी खाल्ली आहे, आणि खाताना मोठी माणसे एकमेकांकडे पाहत नसत हेही पाहिले आहे. ओटची भाजलेली वडी मी पहिल्यांदा आईला दिली, तेव्हा तिने ती चवीने खाल्ली आणि म्हणाली, "वाईट न्हाई बाबा. पण ह्येच्यावर खडी फुटायची न्हाई."

तिचे म्हणणे मी पुष्कळदा मनात घोळवले. स्कॉटलंडच्या दैन्याच्या रस्त्यांवर याच पिठावर लोकांनी दगड फोडले होते, तेव्हा धान्यात ताकद नाही असे म्हणता येणार नाही. बदलले आहे ते खाणाऱ्याचे जगणे. ज्यांना राबण्यासाठी खावे लागे त्यांचे हे अन्न, आता ज्यांना बसून राहावे लागते त्यांना वैद्य लिहून देतात. ओट बदलले नाहीत, त्यांच्या भोवतीची माणसे बदलली. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, तेव्हा आपल्या नाचणी-ज्वारीचेही असेच झाले. गरिबाची भाकरी एकाएकी चकचकीत पाकिटात गेली. ती खाऊन ज्यांनी आयुष्य काढले, त्यांना आता ती परवडते का, हे विचारणारे थोडे.

म्हणून ओट खाणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे. खुशाल खा, भाजून खा, फळे-मेवा घालून खा. पाकीट घेताना समोरचे चित्र पाहण्याआधी मागे बारीक अक्षरात साखर किती लिहिली आहे ते वाचा. आणि कुणाच्या ताटात कुळथाचे पिठले, नाचणीची आंबील किंवा शिळी भाकरी दिसली तर ती गरिबी समजून नजर फिरवू नका. कुणी सांगावे, अजून पन्नास वर्षांनी तीच एखाद्या आरोग्यधामात वाटीत मोजून मिळेल.